अकरा खिंकाली

ओतार, बिल मागू नकोस इतक्यात.
ताटलीत एक उरली आहे.

त्या पोराने देठ उचलून नेले बघ,
काळा एप्रन, कानात बाळी, अंगात नुसती घाई.
त्याला कोणी सांगितलं नाही
की खिंकालीचा देठ खायचा नसतो, टाकायचाही नसतो,
उठेपर्यंत ताटलीच्या काठाशी ठेवायचा असतो,
हिशेबाला.
आता तू म्हणशील मी चारच खाल्ल्या,
मी म्हणेन सहा,
आणि साक्षीदार गेले मोरीत.

आपण बाहेर खायला लागलो ते काही चवीपायी नाही.
सोलोलाकीच्या चढावरच्या त्या घरात
पाच बिऱ्हाडं, एक स्वयंपाकघर.
छताला पाच दिवे, भिंतीवर पाच बटणं,
ज्याचा उजेड त्याने लावायचा.
लामारा आपल्या पातेल्याचं झाकण उचलून बघायची,
मीठ कमी पडल्याची बातमी
आपल्या जिभेआधी अंगणात पोचायची.
लग्नाला चार महिने झाले होते
आणि तुझ्याशी भांडायला मला जागा नव्हती.

मग तू मला या तळघरात आणलंस.
काचांवर वाफ, धूर, पुरुषांची ही गर्दी,
गुराम पिठाळ हातांनी कोणावर तरी खेकसत होता,
आणि त्या कल्लोळात
मी पहिल्यांदा तुझ्यावर आवाज चढवला.
कोणी मान वळवली नाही.
केवढं बरं वाटलं!

तेव्हापासून आपलं घर हे असं गावभर पसरलेलं.
स्टेशनामागे, मातीच्या भांड्यातला राजमा आणि मक्याची भाकरी,
तिथे तू सांगितलंस, डेपोतली नोकरी गेली.
नदीकाठच्या बाईकडे, आंबट आलुबुखाराची चटणी बोटाने पुसत
मी सांगितलं, पाळी चुकली.
आणि पुलापलीकडे, फक्त एकदाच गेलो तिथे,
डॉक्टरांचा कागद घडी करून
मिठाच्या भांड्याखाली ठेवला
आणि मासा ताजा नाही, एवढंच बोललो.

मग ती वीज नसलेली वर्षं.
हॉटेलांना कुलपं, पावाला रांग.
एका गुरुवारी तू खांद्यावर टॉवेल टाकून आलास,
मेणबत्ती ठेवलीस, कमरेत वाकलास,
"बाईसाहेब, आज फक्त पाव आहे.
कालचा."
मी विचारलं, प्यायला काय सुचवाल?
बराच विचार करून म्हणालास,
"पाणी घ्या. यंदा छान उतरलंय."
उठताना मी कोटाचं एक बटण टीप ठेवलं.
ते तू अजून परत दिलेलं नाहीस.

आता स्वतःचं स्वयंपाकघर आहे.
मुलीने इटलीहून पैसे धाडले, चार बर्नरची शेगडी आली.
तिच्यावरचं प्लॅस्टिक निघायचं आहे,
ओव्हनमध्ये तुझे हिवाळी बूट राहतात.
फोनवर ती विचारते, आई, आज काय जेवलात?
मी साग्रसंगीत सांगते.
एक शब्द खोटा नसतो,
फक्त कोणी रांधलं ते मी सांगत नाही
आणि ती विचारत नाही.

गुरामच्या नातवाने भिंती पांढऱ्या केल्या,
मेन्यूत फोटो घातले, जसं काही आपण परगावचे.
चुण्या मोजल्या मी. सतरा.
म्हाताऱ्याच्या एकोणीस असायच्या.
पण आतला रस्सा अजून तसाच, बेसावध माणसाची हनुवटी भाजणारा.

मघाशी तो पोरगा समजावत होता,
दहा घ्या आजी, नाहीतर बारा घ्या,
सारखी वाटणी होईल.
त्याचं लग्न झालेलं दिसत नाही.

घे ना तू.
नको म्हणतोस, आणि ताटली तुझ्याकडे सरकते आहे.
निवेल ती, चरबीची साय धरेल.
धरू दे.
बाहेर थंडी आहे, गुडघ्यांना चढ आहे, घरी सगळं शांत आहे.
बिल मागू नकोस.
बोल,
कशावरून तू चारच खाल्ल्यास?